गच्चीवरच्या टाकीपासून वॉचमनच्या केबिनपर्यंत: सोसायटीच्या पाण्याला सेन्सर बसवताना

पावसाळ्यात मुंबईचा माणूस सकाळी पेपर उघडला की आधी तलावांचा तक्ता बघतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातही तलाव काठोकाठ भरले की सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर पाणी होतं, हेही अनेकांना पाठ झालंय. शहापूर तालुक्यातल्या धरणाची पातळी आपण टक्क्यांत सांगू शकतो. पण आपल्याच डोक्यावर, गच्चीवरच्या टाकीत या क्षणी किती पाणी आहे? ते कळायला आमच्याकडे दोनच मार्ग होते. एक तर वॉचमन काकांनी शिडी चढून झाकण उघडायचं, नाहीतर टाकी वाहायला लागल्यावर मागच्या बोळात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायचा.

आमची सोसायटी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. चार मजले, २४ घरं, लिफ्ट नाही. पालिकेचं पाणी पहाटे येतं आणि खालच्या टाकीत पडतं, तिथून मोटर ते गच्चीवर चढवते. मोटर लावणं आणि बंद करणं हे सगळं काकांच्या अंदाजावर. वय साठीच्या पुढचं, गुडघे दुखतात, आणि पहाटे साडेचारला अंधारात, पावसाळ्यात ओल्या लोखंडी शिडीवर चढायचं. हे काम सेन्सरला द्यायचं म्हणून मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तो त्या शिडीमुळे. पाण्याची बचत, बिल, सोय ही कारणं नंतर जोडली गेली.

'स्मार्ट' या शब्दामागे प्रत्यक्षात काय असतं ते या एका टाकीत सगळं सापडतं. खऱ्या जगातली एक गोष्ट मोजायची, तिचा आकडा करायचा, तो आकडा दुसरीकडे पोचवायचा, त्यावरून निर्णय घ्यायचा आणि तो निर्णय पुन्हा खऱ्या जगात, म्हणजे मोटरच्या वायरीत, उतरवायचा. या साखळीतली प्रत्येक कडी आम्ही कशी बसवली आणि कुठे चुकलो, ते क्रमाने सांगतो. तुमची इमारत वेगळी असेल, टाकी प्लॅस्टिकची असेल, पण क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त लिहून काढा

काही विकत घ्यायच्या आधी दोनशे पानी वही घ्या आणि वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, मोटर कधी लावली, कधी बंद केली, टाकी वाहिली का. आठ दिवसांत तुमच्या इमारतीचा रोजचा ताल कागदावर उतरतो. आमच्या लक्षात आलं की रविवारी पाणी नेहमीपेक्षा तासभर आधी संपतं, कारण सगळी घरी असतात आणि सगळ्यांची धुणी त्याच दिवशी. कुठल्याही ॲपनं हे आधी सांगितलं नसतं.

मग टाकी मोजा. आमची वरची टाकी आरसीसीची, आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, आणि वापरता येण्याजोगी खोली दीड मीटर. गुणाकार करून हजारानं गुणलं की १८,००० लिटर. याहून कामाचा आकडा म्हणजे पातळी १ सेंटीमीटर हलली की १२० लिटर पाणी हललं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण धरलं, तर आमच्या साधारण १२० माणसांना दिवसाला १६,२०० लिटर लागतात. म्हणजे वरची टाकी ही जेमतेम एका दिवसाची पुंजी. एक वेळ मोटर लावायची राहिली तर संध्याकाळी बोंब होणार, हे गणितच सांगतं.

टाकीत दोन कप्पे असतील तर दोन्ही वेगळे मोजा. आगीसाठी राखीव पाणी असेल तर ते या हिशेबात धरू नका.

दुसरी पायरी: पाण्याला काय विचारायचं ते ठरवा

पातळी मोजायचे तीन मार्ग सोसायटीच्या खिशाला परवडतात.

सगळ्यात जुना फ्लोट स्विच. पाण्यावर तरंगणारा गोळा, पातळी वर गेली की आतला स्विच पलटतो. तो फक्त हो किंवा नाही सांगतो, पण वर्षानुवर्षं खोटं बोलत नाही. नवीन यंत्रणा बसवताना लोक हा काढून टाकतात. काढू नका. पुढे मोटरच्या पायरीला तो लागणार आहे.

दुसरा अल्ट्रासॉनिक. टाकीच्या छताला लावलेला सेन्सर कानाला ऐकू न येणारा, साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडतो, पाण्यावरून आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि मधला वेळ मोजतो. ३० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. पाणी १ मीटर खाली असेल तर जाऊन येऊन २ मीटर, म्हणजे साधारण ५.७ मिलिसेकंद. वेळेला वेगानं गुणायचं आणि दोननं भागायचं. पाण्याला हात न लावता पाणी मोजलं जातं, म्हणून पिण्याच्या टाकीसाठी मला हाच आवडतो.

तिसरा, पाण्यात बुडवून ठेवायचा दाबमापक सेन्सर. वर जेवढं पाणी तेवढा त्याच्यावर दाब. खालच्या टाकीत आम्ही हा वापरला, कारण तिथे झाकण अरुंद आहे, आत पाइपांची गर्दी आहे आणि अल्ट्रासॉनिकचा आवाज पाइपांवरून परत यायचा. औद्योगिक वापराचा असा सेन्सर आपलं उत्तर ४ ते २० मिलीअँपिअरच्या प्रवाहात देतो. टाकी पूर्ण रिकामी तर ४, पूर्ण भरली तर २०. शून्यापासून का सुरू करत नाहीत? कारण वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो. 'पाणी नाही' आणि 'मला काही कळत नाहीये' ही दोन उत्तरं वेगळी राहावीत म्हणून रिकाम्या टाकीलाही ४ दिले आहेत. मला या एका युक्तीत सगळ्या विषयाचं मर्म दिसतं, आणि आम्ही ते वेळेवर ओळखलं असतं तर पुढे सांगतोय तो प्रसंग आला नसता.

तिसरी पायरी: सेन्सर बसवा आणि पट्टीनं पडताळा

लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत, लागणारं बहुतेक सामान एका फेरीत मिळतं. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं अधिकृत नाव, पण दुकानदाराला लॅमिंग्टनच सांगा. वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, ज्याचं डोकं लांब वायरीला जोडलेलं असतं आणि सर्किटची पट्टी वेगळी असते. उघड्या दोन डोळ्यांचा स्वस्त सेन्सर टेबलावर प्रयोगाला छान आहे, पण टाकीच्या दमट हवेत तो काही महिन्यांत गंजतो.

या वॉटरप्रूफ सेन्सरला जवळचं दिसत नाही. साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं तो मोजू शकत नाही, कारण स्वतःचाच आवाज विरायच्या आत प्रतिध्वनी येऊन पोचतो. म्हणून टाकी पूर्ण भरल्यावरही पाणी त्याच्यापासून निदान ३० सेंटीमीटर खाली राहील एवढ्या उंचीवर बसवा. भिंतीपासून दूर, बरोबर खाली तोंड करून, आणि भरणाऱ्या पाइपापासून शक्य तेवढ्या लांब. पाणी पडत असताना उडणारे शिंतोडे आणि लाटा त्याला गोंधळात टाकतात. आमच्याकडे मोटर चालू असताना आकडा ४० वरून ६५ आणि परत ३८ असा नाचायचा. जागा बदलली आणि प्रोग्राममध्ये सात वाचनं घेऊन त्यांतलं मधलं धरायला लावलं, तेव्हा तो स्थिर झाला. सरासरी नको. एक वेडं वाचन सरासरीला ओढून नेतं, मधल्या वाचनावर त्याचा परिणाम होत नाही.

वायरीसाठी झाकणाला भोक पाडाल ते केबल ग्लँडनं, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचानं, घट्ट बंद करा. ही बाब किरकोळ समजू नका. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टेफेन्सी डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं टाक्या तपासायला येतात त्याचं कारण तेच आहे. सेन्सरपायी डासाला दार उघडून दिलं तर सगळं मुसळ केरात.

आणि टाकीच्या आत उतरायची वेळ आली तर एकट्यानं कधीही उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. झाकणं उघडून हवा खेळू द्या, वर दुसरा माणूस उभा ठेवा.

आता पडताळणी. लांब मोजपट्टी घ्या, टाकी जवळजवळ रिकामी, अर्धी आणि भरलेली असताना प्रत्यक्ष पाणी मोजा आणि शेजारी सेन्सरचा आकडा लिहा. दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, २० अंश आणि ४० अंश यांत साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो. दीड मीटर अंतरावर हा फरक ५ सेंटीमीटरचा, म्हणजे आमच्या टाकीत ६०० लिटरचा. उन्हात तापणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत हे चांगलंच जाणवतं. यासाठी शेजारी एक तापमापक सेन्सर लावा. तो महागडा नको, अगदी साधाही चालतो. त्याच्या आकड्यानं वेग दुरुस्त करा.

चौथी पायरी: मेंदू आणि त्याचं घर

सेन्सरचं ऐकणारा बोर्ड म्हणून आम्ही ईएसपी३२ वापरला. काही शेकड्यांत मिळतो, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ आहे आणि त्याच्यासाठी तयार प्रोग्राम भरपूर आहेत. ईएसपीहोम हे अशा बोर्डांसाठीचं तयार सॉफ्टवेअर वापरलं तर फार कोडिंगही लागत नाही. एक खबरदारी घ्या. या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्टवर चालवलेला सेन्सर प्रतिध्वनीचं उत्तर ५ व्होल्टमध्ये देतो. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहम असे दोन रेझिस्टर टाकले की ५ चे ३.३ होतात. दोन-चार रुपयांचं काम आहे, पण विसरलं तर बोर्ड जळू शकतो.

पेटी आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जाऊ न देणारी, घ्या. वायरी खालच्या बाजूनं आत न्या आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून गळून पडतं. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. पेटी कठड्याच्या उंचीखाली, सावलीत बसवा. गच्चीवरची सगळ्यात उंच वस्तू आपला बोर्ड असता कामा नये. वीज जिन्याच्या कॉमन मीटरवरून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पंपघरातली पेटी मात्र शक्य तेवढी उंच लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कितीतरी इमारतींची पंपघरं पाण्याखाली होती. छातीच्या उंचीवर लावलेला स्टार्टर आणि गुडघ्याच्या उंचीवर लावलेला स्टार्टर यांतला फरक त्या आठवड्यात कळला.

पाचवी पायरी: निरोप खाली कसा येणार

इथे आम्ही चुकलो, म्हणून इथे जरा थांबतो.

गच्चीवरचा आकडा तळमजल्यावर पोचवायचा. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं आणि आरसीसीचा स्लॅब ते वायफाय खाऊन टाकतो. चौथ्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं मोठ्या मनानं आपलं वायफाय वापरायला दिलं, सिग्नल छान मिळाला आणि आम्ही खूश झालो. निरोप न्यायला एमक्यूटीटी ही पद्धत घेतली. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. कमी डेटा आणि बेभरवशाची जोडणी धरूनच तिची रचना केली आहे, त्यामुळे टाकीसाठी ती अगदी योग्य. मध्ये ब्रोकर नावाचा एक टपालवाला असतो. आमच्याकडे तो ऑफिसातल्या एका रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालतो. गच्चीवरचा बोर्ड त्याच्याकडे आकडा टाकतो आणि ज्याला हवा तो उचलतो. काकांच्या केबिनमध्ये एक छोटा पडदा लावला: 'वरची टाकी ८२%'.

पहिले दोन महिने उत्तम गेले. मग गणपती आले. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब गावी गेलं आणि जाताना, कोणीही शहाणा माणूस करेल तसं, मेन स्विच बंद करून गेलं. राउटर बंद, वरच्या बोर्डाचा निरोप येईना. पण ब्रोकरकडे शेवटचा आकडा जपून ठेवलेला होता, कारण मीच तशी सोय करून ठेवली होती. पडदा नवा लागला की लगेच काहीतरी दिसावं म्हणून. केबिनमध्ये रात्रभर '८२%' दिसत राहिलं. काकांनी त्यावर विश्वास ठेवला, शिडी चढले नाहीत, मोटर लावली नाही. गणेश चतुर्थीच्या सकाळी, घराघरात पाहुणे, मोदकांची उकड चुलीवर, आणि आठ वाजता चारही मजल्यांचे नळ कोरडे.

काका मला म्हणाले, "साहेब, मी वर जाऊन बघणार होतो, पण म्हटलं मशीन सांगतंय ना."

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. मी त्यांची शिडी काढून घेतली होती आणि त्या जागी दिला होता एक आकडा, जो कालचा होता आणि तसं सांगत नव्हता.

त्या आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या आणि त्या तुम्ही पहिल्या दिवशीच करा. एक, प्रत्येक आकड्याबरोबर वेळ दाखवा. '८२%, ४:१० वाजता' असं दिसलं की माणसाला स्वतःच कळतं. आकडा पाच मिनिटांपेक्षा जुना झाला की पडद्यावरून तो पुसला जातो आणि त्या जागी 'माहीत नाही, वर जाऊन बघा' असं मराठीत येतं. दोन, एमक्यूटीटीमध्ये बोर्डाला मृत्युपत्र लिहून ठेवता येतं. जोडणी करतानाच तो ब्रोकरला सांगून ठेवतो की मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना अमुक निरोप दे. ही सोय वापरा, बहुतेक जण वापरत नाहीत. तीन, कोणाच्या घरच्या वायफायवर सोसायटीचं पाणी टांगू नका.

वायफायऐवजी आम्ही गच्ची ते तळमजला लोरा नावाचा लांब पल्ल्याचा रेडिओ लावला. यात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, मॉड्यूल त्याच पट्ट्याचं मागून घ्या. डेटा फार थोडा जातो, पण आपल्याला दर मिनिटाला एक आकडाच पाठवायचाय, आणि हा सिग्नल चार स्लॅब आरामात पार करतो. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूल कधीही चालू करू नका, जळू शकतं. लोरा वापरताना मृत्युपत्र वरच्या बोर्डाचं राहत नाही, खाली निरोप झेलणाऱ्या बोर्डाचं होतं, म्हणून वेळ तपासणं आणखी महत्त्वाचं ठरतं. इंटरनेट गेलं तरी केबिनचा पडदा चालतो, कारण हे सगळं इमारतीच्या आतच घडतं.

सहावी पायरी: महिनाभर फक्त बघा, मगच मोटरला हात लावा

आकडा महिनाभर पट्टीशी जुळत राहिला तरच त्याच्या हाती मोटर द्या. इथून पुढे चूक झाली तर मोटर जळते किंवा हजारो लिटर पाणी वाहून जातं.

बाजारात मिळणारा निळा छोटा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमानं चालणारा स्विच, १० अँपिअरचा असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते, त्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात आणि मग बंद करायचा हुकूम देऊनही मोटर चालूच राहते. म्हणून रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड प्रवाह झेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरनं मोटर. आधीचा स्टार्टर आणि त्यातला ओव्हरलोड, म्हणजे जास्त प्रवाह झाला की मोटर तोडणारा भाग, तसाच राहू द्या. हे जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलोय, तरी थ्री फेजच्या पॅनेलला हात लावला नाही.

पॅनेलवर तीन जागांचा सिलेक्टर स्विच हवाच: ऑटो, बंद, हाताने. काकांनी तो 'हाताने'वर फिरवला की कुठल्याही प्रोग्रामला मोटरवर अधिकार राहत नाही. आणि ते जुने फ्लोट स्विच आठवतात? वरच्या टाकीतला टाकी भरल्यावर सर्किट तोडणारा आणि खालच्या टाकीतला टाकी रिकामी झाल्यावर सर्किट तोडणारा, असे दोन्ही कॉइलच्या सर्किटमध्ये एकापाठोपाठ जोडा, शक्यतो २४ व्होल्टवर. गच्चीवरून वायर ओढायला लागते, ओढा. सगळे सेन्सर, रेडिओ आणि प्रोग्राम एकदम बिघडले तरी हे दोन गोळे टाकी वाहू देणार नाहीत आणि मोटर कोरडी चालू देणार नाहीत.

प्रोग्रामचे नियम साधे ठेवा. ४० टक्क्यांना चालू, ९० टक्क्यांना बंद. मधे मोठं अंतर ठेवल्यामुळे मोटर उगाच चालू-बंद होत नाही. वरच्या टाकीचा ताजा आकडा पाच मिनिटं नाही मिळाला तर मोटर बंद. वीज जाऊन आली तर मोटर आपोआप सुरू न होता आधी दोन्ही टाक्यांचे ताजे आकडे मिळायची वाट बघेल. सलग दोन तासांच्या वर कधीच नाही.

यापलीकडे आणखी एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हुकूम दिला म्हणजे काम झालं असं धरायचं नाही. आमची मोटर तासाला साधारण ९,००० लिटर चढवते, म्हणजे दहा मिनिटांत १,५०० लिटर, म्हणजे पातळी साडेबारा सेंटीमीटर वर. लोक वापरत असतील तर थोडी कमी. मोटर चालू करून दहा मिनिटांनी पातळी ५ सेंटीमीटरही वाढली नसेल तर काहीतरी चुकतंय: मोटरनं एअर घेतलाय, फूटव्हॉल्व्ह (खालच्या टाकीत पाइपाच्या टोकाची झडप) गळतोय किंवा कोणीतरी वरचा व्हॉल्व्ह बंद केलाय. मोटर बंद करून घंटा वाजवायची. मोटरच्या एका वायरीभोवती चिमट्यासारखा करंट सेन्सर बसवला तर ती खरंच फिरतेय का हेही कळतं. आमच्या स्टार्टरचा एक फेज उडाला तेव्हा तो याच सेन्सरनं पकडला.

मोटर फक्त खालच्या टाकीतून पाणी घेईल. पालिकेच्या लाइनीला थेट मोटर लावणं बेकायदा आहे आणि शेजारच्या इमारतीचं पाणी ओढून घेणं आहे.

सातवी पायरी: माणसांपर्यंत पोचवा

फोनवरच्या सूचना सेक्रेटरीला ठीक आहेत. पण पहाटे साडेचारला जागा असतो तो वॉचमन, म्हणून केबिनमध्ये दिवे आणि घंटा हवी. आम्ही तीन दिवे लावले. हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे पाणी कमी, पिवळा म्हणजे यंत्राला माहीत नाही, शिडी चढा. तिसरा दिवा बाजारातल्या तयार यंत्रांत सहसा नसतो. विकत घेणार असाल तर दुकानदाराला विचारा: वायर तुटली तर तुमचं यंत्र काय दाखवतं? दुकानातच वायर काढून दाखवायला सांगा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला आकडा पाठवू नका. आठवड्यात लोक तो वाचायचं बंद करतात.

पासवर्ड कंपनीनं दिलेला ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर असेच, मूळ पासवर्ड न बदललेले शोधून, ताब्यात घेतले होते. ब्रोकर थेट इंटरनेटला उघडा करू नका. पुढे घरागणिक मीटर लावायचा विचार असेल तर हेही बघा की ते आकडे कोण बघणार. कुणाच्या नळाला चार दिवस पाणी गेलं नाही म्हणजे ते घर बंद आहे, हे त्या आकड्यावरून कोणालाही कळेल. ही माहिती सेक्रेटरीच्या फोनमध्ये उघडी पडता कामा नये.

टाकी रात्री काय सांगते

सगळं सुरळीत झाल्यावर रात्री २ ते ४ चा आलेख काढा. त्या वेळी कोणी पाणी वापरत नाही, पातळीची रेघ आडवी असायला हवी. आमची रेघ दोन तासांत ३ सेंटीमीटर उतरत होती. ३६० लिटर. तासाला १८०, दिवसाला ४,३२०. एवढं पाणी कोणाला न दिसता जात होतं. प्लंबर दादांना घेऊन घरोघरी फिरलो, पाच घरांचे फ्लश आतल्या आत गळत होते आणि एका बंद घराच्या बाथरूममधला नळ ठिबकत होता. वॉशर आणि फ्लशचे भाग बदलले, रेघ जवळजवळ आडवी झाली. आलेख बघायला तीन आठवडे आम्हाला सुचलंच नव्हतं. आकडे तोवर नुसते साठत होते.

देखभाल

मे महिन्याच्या शेवटी दोन्ही पेट्या उघडा. मुंग्या, पालीची अंडी, हिरवे पडलेले टर्मिनल, सगळं दिसेल. सिलिका जेल बदला, टर्मिनल साफ करा. टाकी धुताना सेन्सर काढून ठेवा आणि परत लावल्यावर पट्टीनं पुन्हा पडताळा, कारण लावताना तो थोडा तरी तिरका होतोच. प्रोग्राम भरलेला एक जादा बोर्ड ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि वायरिंगचा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. यंत्रणा बसवणारा माणूस उद्या घर बदलून डोंबिवलीला गेला तरी दुसऱ्याला ती चालवता आली पाहिजे.

केबिनमधली दोनशे पानी वही अजून चालू आहे. महिन्याच्या एक तारखेला, दिवसाउजेडी, आता नवीन कठडा लावलेल्या शिडीवरून काका वर जातात, पट्टी टाकतात आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात: पट्टीचा आणि पडद्यावरचा. फरक ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त निघाला तर ते खाली येऊन स्विच 'हाताने'वर फिरवतात आणि मग मला फोन करतात.